कर्मयोगी शिक्षक बुकर टी. वॉशिंग्टन

आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, तेव्हा शालान्त परीक्षेत ऐंशी-नव्वद टक्के गुण मिळविलेली मुले-मुली व्यासपीठावर येतात, त्यांस शाल व श्रीफळ मिळते आणि आईबापांचे डोळे भरून येतात. हा सोहळा आनंदाचा असतो यात शंका नाही. परंतु त्याच मंडपात मागच्या रांगांत काही मुले मान खाली घालून बसलेली आम्ही पाहतो. त्यांतील एखाद्याने बापाच्या हाताखाली सागाची चौकट अशी जुळविलेली असते की सांध्यात नख शिरू नये. त्याचे नाव कोणी पुकारीत नाही. त्याच्याविषयी विचारावे तर वडील संकोचून सांगतात की, हा अभ्यासात मागे पडला म्हणून याला धंद्यास लावला. ज्याचे डोके चालत नाही त्याने हात चालवावेत, ही समजूत विश्वकर्म्याचे नाव घेणाऱ्या आपल्या समाजातही किती खोल रुजली आहे, ते या एका उत्तरावरून कळून येते.

आम्ही स्वतः याच समजुतीत वाढलो. आमचे वडील सुतार होते. आम्ही मॅट्रिक झालो त्या दिवसापासून त्यांनी आम्हांस रंध्याला हात लावू दिला नाही. मास्तर झालेल्या मुलाच्या तळहातावर घट्टे नसावेत, एवढीच त्यांची इच्छा होती. पुढे शिक्षकी पेशात आम्ही उणीपुरी छत्तीस वर्षे घालविली. वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास असे. पण परीक्षा जवळ आली की तो तास गणितास द्यावा, असा आमचाच आग्रह असे. त्या वेळी यात काही चुकते आहे असे आमच्या मनासही शिवले नाही. सेवानिवृत्तीनंतर अमेरिकेतील एका थोर कृष्णवर्णीय शिक्षकाचे चरित्र सावकाश वाचण्याचा योग आला, आणि आपण काय गमावले व मुलांकडून काय गमावून घेतले, याची आम्हांस प्रथमच जाणीव झाली. त्या शिक्षकाचे नाव बुकर टी. वॉशिंग्टन. त्यांचा अल्पपरिचय ज्ञातिबांधवांस व भगिनींस करून द्यावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

जन्म व बालपण

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात हेल्स फोर्ड नावाच्या ठिकाणी बरोज नामक जमीनदाराच्या मळ्यावर १८५६ साली बुकरचा जन्म झाला. आई जेन ही त्या मळ्यावरील गुलाम स्त्री. ती मालकाच्या घरचा स्वयंपाक करीत असे. वडील गोरे होते, यापलीकडे त्यांच्याविषयी बुकरला कधीच काही कळले नाही. स्वयंपाकासाठी वापरावयाची एक लाकडी खोली, तीच या कुटुंबाचे घर होती. जमीन मातीची होती आणि मुले चिंध्यांच्या अंथरुणावर निजत. जवसाच्या काड्यांपासून काढलेल्या भरड धाग्याचा सदरा गुलामांच्या मुलांस मिळे. नवा असताना तो अंगास काट्यांसारखा टोचे. थोरला भाऊ जॉन याने धाकट्याचा नवा सदरा आधी काही दिवस स्वतःच्या अंगावर वागवून मऊ करून दिला, ही आठवण वॉशिंग्टन यांनी जन्मभर जपली.

मालकाच्या मुलीची पुस्तके घेऊन शाळेच्या दारापर्यंत जाणे बुकरच्या वाट्यास येई. पण त्या दाराच्या आत पाऊल टाकण्याचा त्यास अधिकार नव्हता. दारातून दिसणारा तो वर्ग त्यास स्वर्गासारखा वाटे. १८६५ साली यादवी युद्ध संपले. एके सकाळी सर्व गुलामांस मोठ्या घरापुढे बोलावून एका अधिकाऱ्याने कागद वाचून दाखविला आणि ते सारे स्वतंत्र झाले. आईने मुलांस जवळ घेतले, तेव्हा तिच्या डोळ्यांतून आनंदाश्रू वाहत होते.

सावत्र वडील पश्चिम व्हर्जिनियातील मॉल्डन गावी मिठाच्या भट्टीवर कामास होते. कुटुंब डोंगर ओलांडून तेथे गेले. प्रवासाचा बराच भाग मुलांनी पायी केला. तेथे पहाटे चारपासून मिठाची पिंपे भरण्याचे काम लहानग्या बुकरच्या पाठीस लागले. सावत्र वडिलांच्या पिंपांवर दिवसअखेर मुकादम १८ हा आकडा घालीत असे. बुकर जे पहिले अक्षरज्ञान शिकला ते हे १८. पुढे आईने कोठूनसे एक जुने अंकलिपीचे पुस्तक पैदा केले आणि मुळाक्षरे त्याने आपली आपणच ओळखली. गावात कृष्णवर्णीयांची शाळा निघाली, तेव्हा पहाटे काम, दिवसा शाळा आणि दुपारनंतर पुन्हा काम, असा क्रम त्याने पत्करला. शाळेत हजेरीच्या वेळी प्रत्येक मुलाला दोन-दोन नावे असल्याचे पाहून या मुलाची फार पंचाईत झाली, कारण त्यास एकच नाव होते. पाळी आली तेव्हा त्याने मोठ्या धिटाईने आपले आडनाव वॉशिंग्टन असल्याचे सांगून टाकले. स्वतःचे आडनाव स्वतः ठेवणारा असा मुलगा विरळाच.

झाडूची परीक्षा

काही काळ कोळशाच्या खाणीत काम केल्यावर बुकर रफनर नावाच्या एका बाईंच्या घरी नोकरीस राहिला. त्यांचा स्वभाव इतका कडक की कोणी नोकर टिकत नसे. परंतु केर कोपऱ्यातूनही निघाला पाहिजे, मोडलेली फळी त्याच दिवशी बसविली पाहिजे आणि जे काम हाती घ्यावे ते पुरते करावे, हे धडे त्याने याच घरी घेतले. शाळेत मिळालेल्या कोणत्याही शिक्षणाइतकी त्या घरच्या शिक्षणाची किंमत ते पुढे मानीत असत.

खाणीत असताना त्याने दोन मजुरांच्या बोलण्यातून हॅम्प्टन येथील विद्यालयाचे नाव ऐकले होते. जनरल सॅम्युअल आर्मस्ट्राँग यांनी १८६८ साली स्थापन केलेल्या या विद्यालयात मुक्त झालेल्या गुलामांच्या मुलांस विद्या आणि काम ही दोन्ही शिकविली जात, व गरीब विद्यार्थ्यास काम करून आपला खर्च भागविता येई. १८७२ साली सोळा वर्षांचा बुकर सुमारे ५०० मैलांच्या प्रवासास निघाला. रिचमंड शहरी पोचला तेव्हा खिशात पैसा नव्हता. रस्त्याच्या कडेच्या फळ्यांच्या पदपथाखाली, डोक्याशी कपड्यांची पिशवी घेऊन तो निजला, आणि दिवसा जहाजावरील लोखंड उतरवून त्याने वाटखर्च जमविला. हॅम्प्टनला पाऊल ठेवले तेव्हा जवळ ५० सेंट शिल्लक होते.

त्याचा अवतार पाहून मुख्य शिक्षिका मॅकी बाईंनी त्यास तिष्ठत ठेवले. काही तासांनी त्यांनी शेजारचा वर्ग झाडण्यास सांगितले. बुकरने ती खोली तीन वेळा झाडली आणि चार वेळा फडक्याने पुसली. बाकांच्या खाली, कपाटांच्या मागे, कोपऱ्याकोपऱ्यांतून धूळ काढली. बाईंनी येऊन भिंतीवरून, मेजावरून व बाकांवरून आपला रुमाल फिरविला. रुमाल स्वच्छ राहिला आणि बुकरला प्रवेश मिळाला. आम्ही अनेक वर्षे प्रवेश परीक्षांचे कागद तपासले, पण विद्यार्थ्याचे अंतःकरण इतके उघडे करून दाखविणारी परीक्षा आमच्या पाहण्यात आली नाही. विद्यालयाची झाडलोट करून, चुली पेटवून आणि रात्री अभ्यास करून १८७५ साली बुकर तेथून पदविका घेऊन बाहेर पडला. काही वर्षे मॉल्डनला शिक्षकाचे काम केल्यावर आर्मस्ट्राँग यांनी त्यास पुन्हा हॅम्प्टनला बोलावून घेतले.

टस्कीगीची स्थापना

अलाबामा राज्यातील टस्कीगी या लहान गावी कृष्णवर्णीयांसाठी शाळा काढावी, असे तेथील दोन गृहस्थांच्या मनात आले. त्यांपैकी एक गोरे व्यापारी जॉर्ज कॅम्पबेल आणि दुसरे लुइस ॲडम्स. ॲडम्स हे पूर्वीचे गुलाम. गुलामगिरीच्या दिवसांतच ते जोडे शिवणे, घोड्याचा साज करणे व पत्र्याचे काम करणे हे तीन धंदे शिकले होते. शाळेचे त्यांनी कधी तोंडही पाहिले नव्हते. तरी हातातील कसबामुळे गावात त्यांच्या शब्दास वजन होते. एका मोठ्या विद्यापीठाच्या पायाशी असा एक कारागीर उभा आहे, हे आपल्या समाजाने विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१८८१ सालच्या ४ जुलै रोजी, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, वॉशिंग्टन यांनी ३० विद्यार्थ्यांसह ही शाळा सुरू केली. सरकारने शिक्षकांच्या पगारासाठी वर्षाला २,००० डॉलर मंजूर केले होते; परंतु जागेसाठी व इमारतीसाठी एक पैसाही नव्हता. चर्चजवळच्या एका मोडक्या खोपटात वर्ग भरत. पाऊस आला की एखादा मोठा विद्यार्थी धडा बाजूस ठेवून गुरुजींच्या डोक्यावर छत्री धरी आणि शिकविणे चालू राही.

शाळा काढण्यापूर्वी वॉशिंग्टन यांनी महिनाभर खेड्यापाड्यांतून हिंडून लोकांची स्थिती पाहिली. एकाच खोलीत सारे कुटुंब राही, दाराशी कापूस लावलेला पण भाजीचा एक वाफा नाही, आणि घरात मात्र हप्त्याने घेतलेला बाजा किंवा भारी घड्याळ! एका झोपडीत तर एक तरुण मळके कपडे घालून, अंगणात रान माजलेले असताना, फ्रेंच भाषेचे व्याकरण घोकीत बसलेला त्यांना आढळला. वर्गातील काही विद्यार्थ्यांस व्याज-बट्ट्याची अवघड गणिते येत. मात्र त्यांच्या पंचक्रोशीत कोणाचे पेढीवर खाते नव्हते. विद्या आणि जीवन यांची अशी ताटातूट पाहून त्यांचा निश्चय दृढ झाला. पुस्तकाबरोबर प्रत्येक मुलामुलीच्या हाती एक तरी कसब दिल्याविना आपली शाळा पुरी होणार नाही, हे त्यांनी मनाशी ठरविले.

चौथी भट्टी

गावाबाहेर १०० एकरांचा एक ओसाड मळा ५०० डॉलरांस विक्रीस होता. हॅम्प्टनच्या खजिनदारांकडून स्वतःच्या जबाबदारीवर २५० डॉलर उसने घेऊन वॉशिंग्टन यांनी तो घेतला. पडकी कोंबड्यांची खुराडी व तबेले झाडून तेथेच वर्ग भरविले. मग रान तोडण्याचा प्रश्न आला. विद्यार्थ्यांतील बरेचजण आधीच कोठे ना कोठे शिक्षक होते. त्यांस हे काम हलके वाटले. आईबापांची पत्रे येऊ लागली की, आमच्या मुलांस काम नको, मोठमोठ्या नावांची पुस्तके शिकवा. कामच करावयाचे तर गुलामगिरी काय वाईट होती? वॉशिंग्टन यांनी वाद घातला नाही. दुपारचे वर्ग संपताच ते स्वतः कुऱ्हाड खांद्यावर टाकून रानाकडे चालू लागत. मुख्याध्यापकास घाव घालताना पाहून मुले एकेक करून मागे आली आणि काही आठवड्यांत वीस एकर जमीन लागवडीस तयार झाली.

इमारतीसाठी विटा हव्या होत्या आणि त्या गावात वीटभट्टी नव्हती. विटा पाडणे हे सोपे काम आहे असे अनेकांस वाटते. गुडघाभर चिखलात तासन् तास उभे राहणाऱ्यास मात्र ते काय आहे, ते विचारावे! या चिखलास कंटाळून काही मुलांनी शाळाच सोडली. योग्य माती मिळेपर्यंत दोन-तीन जागा बदलाव्या लागल्या. पहिल्या खेपेस सुमारे २५,००० विटा भट्टीत रचल्या. आच नीट न बसल्यामुळे ती भट्टी फुकट गेली. दुसरी भट्टीही बिघडली. तिसरी जवळजवळ साधली होती. आठवडाभर रात्रंदिवस जागून मुले व शिक्षक ती राखीत होते, आणि शेवटी एके मध्यरात्री ती ढासळली. जवळचा सर्व पैसा संपला होता. सहकारी शिक्षकांनी हा नाद सोडण्याचा सल्ला दिला. वॉशिंग्टन यांच्यापाशी एक जुने घड्याळ होते. ते माँटगोमेरी शहरी नेऊन त्यांनी १५ डॉलरांस गहाण ठेवले, त्या पैशांतून चौथी भट्टी लावली आणि ती साधली. घड्याळ सोडवून आणण्यास मात्र मुदतीत पैसे जमले नाहीत. ते गेले ते गेलेच. पण त्याचे त्यांना कधी वाईट वाटले नाही.

या भट्टीचे फळ केवळ इमारतीपुरते राहिले नाही. आजूबाजूचे गोरे लोक, ज्यांच्या मनात या शाळेविषयी अढी होती, ते चांगल्या विटांसाठी शाळेच्या दाराशी येऊ लागले. देवघेव सुरू झाली आणि ओळख वाढली. पुढे शाळेत तयार झालेल्या गाड्या व बग्ग्या याच रीतीने गावात पोचल्या. सुमारे वीस वर्षांत शाळेच्या लहानमोठ्या चाळीस इमारती झाल्या, त्यांतील चार सोडून बाकी साऱ्या विद्यार्थ्यांच्या हातच्या होत्या. एका हंगामात १२ लाख उत्तम विटा तेथे निघू लागल्या. प्रारंभीच्या फजितीही वॉशिंग्टन यांनी लपवून ठेवल्या नाहीत. मुलांनी केलेल्या पहिल्या खाटा इतक्या कच्च्या होत्या की सकाळी पाहावे तो काही खाटा जमिनीवर कोसळलेल्या असत! परंतु आयत्या वस्तूंच्या सुखापेक्षा स्वतः चुकून शिकलेले काम अधिक टिकते, ही त्यांची धारणा होती. कोणी नवा विद्यार्थी चाकूने भिंतीवर रेघ ओढू लागला, तर जुना विद्यार्थी त्याचा हात धरी, कारण ती भिंत त्याने स्वतः रचलेली असे.

वर्ग आणि कर्मशाळा

टस्कीगीची खरी थोरवी कर्मशाळा काढण्यात नाही. कर्मशाळा पुष्कळ ठिकाणी असतात आणि त्यांच्या किल्ल्या कपाटात टांगलेल्या राहतात, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले आहे. वर्ग आणि कर्मशाळा या दोहोंना त्यांनी एकमेकांशी सांधले, ही त्यांची थोरवी. सुतारकाम शिकणाऱ्या मुलाने गणिताच्या तासाला छपराच्या उताराचे माप काढावे, शिवणकाम शिकणाऱ्या मुलीने कापडाचा हिशेब मांडावा, निबंधाचा विषय भट्टीतून किंवा गोठ्यातून घ्यावा, असा त्यांचा दंडक होता. पुस्तकी विषयांचे काही शिक्षक या दंडकास कुरकुरत. पण वॉशिंग्टन वर्गावर्गांतून स्वतः फिरून तो पाळला जातो की नाही ते पाहत. सुतारकाम, गवंडीकाम, लोहारकाम, छपाई, गाडीकाम, शिवण, टोप्या करणे, पाकक्रिया, गुरांची निगा, नकाशे काढणे, असे अनेक विभाग हळूहळू उभे राहिले. नकाशे व इमारती यांची जबाबदारी रॉबर्ट टेलर यांच्याकडे होती. मॅसॅच्युसेट्सच्या विख्यात तंत्रविद्यालयातून पदवी मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय होत. १८९६ साली आलेले जॉर्ज कार्व्हर यांनी भुईमूग व रताळी यांच्या संशोधनाने टस्कीगीचे नाव जगभर नेले. मुलांच्या गायनवृंदांनी गुलामगिरीच्या काळातील भक्तिगीते गावोगाव ऐकवून शाळेसाठी मदत मिळविली. कसब आणि कला यांस तेथे सारखेच स्थान होते.

ज्यांच्यापाशी फी भरण्यास काहीच नव्हते, त्यांच्यासाठी १८८४ साली रात्रीचे वर्ग निघाले. दिवसा दहा तास एखाद्या धंद्यात काम करावे, रात्री दोन तास शिकावे, आणि मिळालेल्या मजुरीचा मोठा भाग पुढील शिक्षणासाठी शाळेत जमा ठेवावा, अशी ही व्यवस्था होती. महाराष्ट्रात १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणारे कर्मवीर भाऊराव पाटील यांची कमवा आणि शिका ही योजना ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांस हे वर्णन परके वाटणार नाही.

वॉशिंग्टन यांनी आपल्या मुलांसही यातून वगळले नाही. कन्या पोर्शिया शिवणकाम शिकली आणि मुलगा बुकर लहानपणीच गवंड्याची थापी चालवू लागला. हीच पोर्शिया पुढे पियानोच्या उच्च शिक्षणासाठी जर्मनीस गेली. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील वादाशी तिचा निकट संबंध आहे.

कीर्ती व टीका

१८९५ सालच्या सप्टेंबर महिन्यात अटलांटा येथील प्रदर्शनात वॉशिंग्टन यांचे भाषण झाले आणि ते एका दिवसात देशभर प्रसिद्ध झाले. कृष्णवर्णीयांनी आहेत तेथेच पाय रोवून शेती, धंदे व व्यापार यांत नैपुण्य मिळवावे. सामाजिक व्यवहारात दोन्ही वंश वेगळे राहिले तरी चालेल, मात्र देशाच्या उत्कर्षात ते एकत्र असावेत, असा त्या भाषणाचा आशय होता. पुढील वर्षी हार्वर्ड विद्यापीठाने त्यांस सन्माननीय पदवी दिली. १८९८ साली अध्यक्ष मॅक्किन्ले टस्कीगीस येऊन गेले. १९०१ साली त्यांचे आत्मचरित्र ग्रंथरूपाने निघाले आणि त्याच वर्षी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यांस आपल्या निवासस्थानी भोजनास बोलाविले, तेव्हा दक्षिणेकडील राज्यांत केवढा गहजब उडाला! ज्या मनुष्याने सामाजिक वेगळेपणास मान तुकविली होती, त्याने अध्यक्षांच्या पंक्तीस बसणेही अनेकांस सहन झाले नाही.

येथे त्यांच्या मार्गाची मर्यादा उघड होते आणि ती सांगितल्याविना हे चरित्र खरे होणार नाही. हार्वर्डची सर्वोच्च पदवी मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय विद्वान डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी १९०३ साली आपल्या ग्रंथात वॉशिंग्टन यांच्या धोरणावर सडेतोड टीका केली. त्यांचे म्हणणे असे की, मताचा हक्क, नागरी समानता आणि उच्च शिक्षण ही तीन सोडून केवळ धंदेशिक्षण मागणे म्हणजे आपल्या लोकांस कायमचे खालच्या पायरीवर बसविणे होय. धंदे शिकविणाऱ्या शाळांतील शिक्षकही शेवटी महाविद्यालयांतूनच यावे लागतात. तेव्हा महाविद्यालये उपाशी ठेवून कर्मशाळा कशा जगतील? घडलेही तसेच. १८९६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने वंशभेदाने वेगळ्या ठेवलेल्या सोयी कायदेशीर ठरविल्या. १९०१ साली खुद्द अलाबामाने नवी राज्यघटना करून बहुसंख्य कृष्णवर्णीयांचे मत काढून घेतले. उत्तम विटा पाडणाऱ्या हातास मतपेटीपर्यंत जाण्याची वाट राहिली नाही.

वॉशिंग्टन यांस हे दिसत नव्हते असे नाही. मतदानाचा हक्क काढून घेणाऱ्या कायद्यांविरुद्ध न्यायालयात चाललेल्या खटल्यांस ते आपले नाव गुप्त ठेवून पैसा पुरवीत होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या खाजगी कागदपत्रांवरून उजेडात आले. उघडपणे मात्र ते गप्प राहिले. उघड बोललो असतो तर शाळा टिकली नसती, असे त्यांच्या बाजूने म्हणता येईल. आणि गप्प राहिल्याने अन्यायाचे फावले, असेही म्हणता येईल. आम्हांस दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. स्वतःच्या कन्येस थापी, सुई आणि पियानो यांतून निवड करण्याची मोकळीक त्यांनी दिली. ती मोकळीक आपल्या सर्व लोकांस मिळावी, हे मात्र त्यांना जगापुढे ठणकावून सांगता आले नाही.

अखेर

सततच्या प्रवासाने व श्रमाने त्यांची प्रकृती ढासळली. १९१५ सालच्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क येथे ते अतिशय आजारी झाले. आपला शेवट टस्कीगीतच व्हावा अशी इच्छा त्यांनी धरली, आगगाडीने त्यांस घरी आणण्यात आले आणि १४ नोव्हेंबर रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. ज्या शाळेचा आरंभ ३० विद्यार्थ्यांनी गळक्या खोपटात झाला, तेथे त्या वेळी शंभरावर इमारती, सुमारे १,५०० विद्यार्थी, जवळजवळ २०० शिक्षक आणि ३८ धंदे व व्यवसाय यांचे शिक्षण, एवढा पसारा उभा होता. विद्यार्थ्यांनी बांधलेल्या विटांच्या समाधीत त्यांस विसावा देण्यात आला. पुढे तेथे पदवीचे वर्ग निघाले आणि १९८५ साली टस्कीगीस विद्यापीठ हे नाव मिळाले. कर्मशाळेतून महाविद्यालय फुलावे, यातच त्या जुन्या वादाचे उत्तर आहे, असे आम्हांस वाटते.

आपल्यासाठी बोध

अमेरिकेतील या लढ्याचे आपल्या महाराष्ट्राशी जुने नाते आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली गुलामगिरी हा आपला ग्रंथ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांस अर्पण केला. वॉशिंग्टन निवर्तले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते आणि १९४६ साली त्यांनी डु बॉइस यांस पत्र लिहिले. एकीकडे कर्मवीरांची कमवा आणि शिका योजना आणि दुसरीकडे बाबासाहेबांची उच्च विद्या व हक्कांचा आग्रह, हे दोन्ही प्रवाह आपल्या भूमीत वाहिले आहेत. त्यांतील एकच निवडावा असे आम्ही म्हणणार नाही.

धंदेशिक्षणात एक धोकाही आहे. १९५३ साली मद्रास राज्यात प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी वडिलांचा धंदा शिकावा, अशी योजना निघाली होती. तिच्यामुळे कुंभाराचा मुलगा कुंभारच राहील, असा लोकांनी आक्षेप घेतला आणि पुढील वर्षी ती रद्द झाली. आक्षेप रास्त होता. जन्माने गळ्यात पडलेला धंदा आणि शाळेत आवडीने निवडलेला धंदा, यांत बेडी आणि कडे यांच्याइतका फरक आहे. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून मुलांस हातकामाची ओळख करून द्यावी, त्यांनी काही दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांपाशी शिकावे, असे सांगितले आहे. त्याचे आम्ही स्वागत करतो. पण हा विषय हुशार व मंद, श्रीमंत व गरीब, मुलगे व मुली या सर्वांसाठी असला, तरच त्यास प्रतिष्ठा येईल. मागे पडलेल्यांचा कोंडवाडा म्हणून कर्मशाळा काढली, तर ती न काढलेली बरी.

गतवर्षी आम्ही वडिलांची हत्यारांची पेटी माळ्यावरून खाली काढली. पटाशीस गंज चढला होता, गुण्याची मूठ सैल झाली होती. एक साधा पाट करावा म्हणून बसलो, तो दोन फळ्यांचा सांधा आम्हांस सरळ साधला नाही. छत्तीस वर्षे मुलांस कोन व काटकोन शिकविणाऱ्या हाताची ही गत! आळीतील एका तरुण कारागिराने, ज्यास आम्हीच कधी काळी चौथीत गणितात नापास केले होते, तो सांधा आम्हांस हसतमुखाने दाखविला. आमचा पहिला पाट डगमगतो, पण तो आम्ही मोडला नाही.

आपल्या मंडळाच्या चालकांस आमची एकच विनंती आहे. पुढील संमेलनात गुणपत्रिकेवरून सत्कार करावाच. त्याबरोबर आपल्या मुलामुलींनी स्वतःच्या हातांनी केलेली एकेक वस्तू, मग ती चौकट असो, भरतकाम असो, चित्र असो की मातीची मूर्ती असो, मंडपात मांडावी आणि ती करणाऱ्याचे नाव व्यासपीठावरून पुकारावे. शाल एकच असली तरी चालेल. मागच्या रांगेतील मुलाने मान वर करून पाहिले, तरी टस्कीगीच्या त्या चौथ्या भट्टीचा प्रकाश आपल्या अंगणापर्यंत पोचला असे आम्ही समजू.